तेलाच्या दाबाचा काटा

मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणाऱ्या ‘शकुंतला’चे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले हे इंजिन १९२३ पासून त्या अडीच फुटी रुळांवर गाडी ओढत होते. त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. (कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, वाशीम जिल्हा १९९८ चा.) आता ती गाडीही धावत नाही. धूर, शिट्टी आणि कोळसा यांच्या आठवणी पुष्कळ निघतात. चालकाच्या डोळ्यांपुढच्या काट्यांविषयी मात्र कोणी बोलत नाही. वाफेच्या इंजिनात चालकाची आणि फायरमनची नजर बाष्पकाच्या दाबाच्या काट्यावर असे. दाब फार चढला तर बाष्पक फुटण्याची भीती. डिझेल इंजिनात सांभाळायचा तो वंगणतेलाचा दाब, आणि तिथे भीती उलटी : दाब उतरला तर?

मोटारीच्या फळीवर तेलाच्या दाबाचा जो काटा पूर्वी सर्रास दिसे, तो वाफेच्या इंजिनाकडूनच वारशाने आलेला आहे. त्याची जन्मकथा पॅरिसची. यूजेन बूरदाँ हे तिथले यंत्रकार. त्यांच्या कारखान्यात वेटोळे घातलेली एक नळी चुकून चपटी झाली. ती पुन्हा गोल व्हावी म्हणून तिच्यात दाबाने पाणी भरले, तेव्हा नळी फुगता फुगता उलगडूही लागली. दुसऱ्या कोणी नळी दुरुस्त झाली म्हणून काम पुढे चालू केले असते. बूरदाँ यांनी त्या उलगडण्यातून मापनयंत्र तयार केले आणि १८४९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे वायुदाबमापक बनवणारे ल्यूसियाँ व्हिदी यांच्याशी या शोधावरून बरीच वर्षे कोर्टकचेरी झाली, पण नाव बूरदाँ यांचेच राहिले.

तत्त्व समजायला प्रयोगशाळा नको. पोहरादेवीच्या यात्रेत किंवा कोणत्याही जत्रेत गुंडाळलेल्या कागदाची पिपाणी मिळते. फुंकली की सुरळी सरळ होते, श्वास सोडला की पुन्हा गुंडाळते. बूरदाँची नळी म्हणजे हीच पिपाणी, फक्त पितळेची. तिचे एक टोक पक्के बसवलेले आणि दाबाच्या जागेशी जोडलेले. दुसरे बंद, मोकळे. दाबाने हे मोकळे टोक काही मिलिमीटर सरकते आणि दातेरी चाकांची जोडी तेवढ्या हालचालीचे काट्याच्या मोठ्या फेऱ्यात रूपांतर करते.

वाफेच्या इंजिनात या यंत्राने बाष्पकाचा दाब मोजला जाई, पण तेल घालणे हातानेच चाले. लांब चोचीची झारी घेऊन चालक गाडी सुटण्यापूर्वी इंजिनाभोवती फिरे. पुष्कळ सांध्यांवर तेलाच्या वाट्या असत आणि त्यांतून लोकरीच्या वातीने थेंब थेंब तेल उतरे. बैलगाडीच्या आसाला एरंडेल लावणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा ही रीत फार पुढे गेलेली नव्हती. वंगण दोन पृष्ठभागांच्या मध्ये जाऊन नेमके काय करते, हे तर कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

ते कळले लंडनमध्ये, १८८३ साली, आणि तेही काहीसे अपघाताने. यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने बोशॅम्प टॉवर यांना बेअरिंगमधील घर्षण मोजण्याचे काम दिले होते. त्यांची मांडणी रेल्वेच्या डब्याच्या आसासारखी होती : चार इंच व्यासाचा शाफ्ट, त्याचा खालचा भाग तेलात बुडालेला आणि वर अर्धगोल पितळी बेअरिंगवर वजन. तेल घालण्यासाठी टॉवर यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले. यंत्र सुरू केले तर भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर येऊन वाहू लागले. त्यांनी बूच ठोकले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. तेव्हा त्यांनी तिथे दाबमापक जोडला. तो दर चौरस इंचाला २०० पौंडांपर्यंत मोजू शके, आणि काटा त्याही पलीकडे गेला. बेअरिंगवरच्या वजनाची सरासरी मात्र दर चौरस इंचाला १०० पौंडच होती!

माझ्या मते विज्ञानाच्या इतिहासातला हा अत्यंत सुंदर प्रयोग आहे, आणि शाळेत तो शिकवला जात नाही याचे आश्चर्य वाटते. पुढच्या अहवालात, १८८५ मध्ये, टॉवर यांनी बेअरिंगवर ठिकठिकाणी दाब मोजून त्यांची बेरीज केली. ती ७९८८ पौंड भरली. प्रत्यक्ष वजन होते ८००८ पौंड. म्हणजे शाफ्टचा पितळेला स्पर्शच होत नव्हता, सगळा भार तेलाच्या पातळ थराने तोलला होता. त्याचे गणित १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी मांडले. फिरणारा शाफ्ट चिकट तेलाला आपल्याबरोबर ओढून पाचरीसारख्या निमुळत्या फटीत कोंबतो आणि त्यातून दाब निर्माण होतो. (रेनल्ड्स मँचेस्टरलाच प्राध्यापक होते. शकुंतलेचे इंजिन त्याच गावचे, हा केवळ योगायोग.)

यातून एक गोष्ट ध्यानात येते. तेलाचा पंप शाफ्टला उचलून धरतो असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. भार तोलणारा दाब शाफ्ट स्वतःच्या फिरण्याने निर्माण करतो, आणि तो पंपाच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. पंपाचे काम फटीत तेल कमी पडू न देण्याचे. बर्मिंगहॅमच्या बेलिस कंपनीतील आल्बर्ट पेन यांनी १८९० साली वेगवान वाफेच्या इंजिनांसाठी दाबाने तेल पुरवण्याचे पेटंट घेतले आणि ती पद्धत पुढे मोटारीतही रुळली. एकदम नव्हे : १९०८ च्या फोर्ड ‘मॉडेल टी’ला तेलाचा पंपच नव्हता. फिरते भाग तेल उडवत, तेवढ्यावर काम चाले. पातळी पाहण्यासाठी खाली दोन छोट्या तोट्या होत्या.

मग दाबाचा काटा सांगतो काय? तेल किती आहे, हे तो सांगत नाही. पंप दर फेऱ्याला ठरावीक तेल ढकलतो. ते वाहून जाताना जो अडथळा होतो त्यातून दाब तयार होतो. हरभऱ्याला तुषार सिंचन करणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. एक तोटी निखळली की बाकीचे फवारे लगेच आखडतात. इंजिनात तोट्यांच्या जागी बेअरिंगच्या फटी असतात, केसाच्या जाडीच्या आसपास किंवा त्याहून अरुंद. फटीतून जाणारे तेल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते : बेअरिंग झिजून फट दुप्पट झाली तर, बाकी सारे तेच असताना, गळती आठपट. तेल तापून पातळ झाले तरीही दाब उतरतो. म्हणजे हा काटा इंजिन न उघडता आतल्या झिजेची बातमी देतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या फळीवर तो होताच. याच कुळातल्या जीप १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतल्या. पण अमेरिकेत १९३० च्या दशकातच हडसन कंपनीने काट्याऐवजी दिवा बसवायला सुरुवात केली होती. दिवा स्वस्त, आणि नवशिक्यालाही कळणारा. आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्येही तेलासाठी दिवाच होता. दिव्याचा स्विच साधारणपणे दर चौरस इंचाला पाच-सात पौंडांवर बसतो. भरवेगात जिथे चाळीस-पन्नास पौंड हवेत, तिथे दाब पंधरावर आला तरी दिवा गप्प. तो लागतो तेव्हा बेअरिंग वाजू लागलेले असू शकते, आणि मग क्रँकशाफ्टचा खर्च टळत नाही. भाड्याने जीप चालवणाऱ्याच्या हंगामाची कमाई त्यात जाते.

म्हणून जुन्या गाडीला वेगळा काटा बसवून घेणारे चालक भेटतात, आणि ते योग्यच करतात. इंजिनावरचा तेलाचा स्विच काढून तिथे टी-जॉइंट बसवायचा. एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला नवा काटा. दिवा काढून टाकू नये, कारण चालकाची नजर रस्त्यावर असते. आटे पितळेचे असतात, पाना जपून फिरवावा. काटा यांत्रिक असेल तर बारीक नळीतून गरम तेल थेट चालकाच्या गुडघ्यापर्यंत येते; नळी कुठे घासली तर इंजिनातले तेल बाहेर पडून जाईल. विजेच्या काट्यात ही भीती नाही, तेल इंजिनापाशीच थांबते.

वाचन मात्र शिकावे लागते. सकाळी थंड इंजिनावर काटा उंच चढतो, त्याने खूश होऊ नये. तेल घट्ट असते इतकेच. इंजिन पूर्ण तापल्यावर, दर हजार फेऱ्यांना सुमारे दहा पौंड असा मिस्त्री लोकांचा आडाखा आहे, तरी गाडीच्या पुस्तिकेतला आकडा खरा मानावा. वळणावर काटा क्षणभर पडत असेल तर तळातले तेल कमी होऊन एका बाजूला सरकते आहे. सरळ रस्त्यावर एकदम पडला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करावे.

वर्गासाठी भंगारातला एखादा जुना दाबमापक आणावा. काच आणि तबकडी काढली की वाकडी नळी आणि दातेरी चाके उघडी होतात. सायकलच्या पंपाची नळी त्याला जोडून मुलांना पंप मारू द्यावा, आणि नळीचे टोक किती सरकते ते पट्टीने मोजायला सांगावे.