एक स्प्रिंग, दोन कामे

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे याने गोळ्या झाडल्या. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) शिकलेल्या या तरुणाने तेव्हा विशीही गाठली नव्हती. ही हकीकत सांगताना कोणी ‘रिव्हॉल्व्हर’ म्हणतात, कोणी ‘पिस्तूल’. वापरले गेले ते ब्राउनिंग पिस्तूल. या दोहोंतला खरा फरक आतल्या भागांत आहे.

सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचे नळकांडे फिरते. घोडा मागे ओढला की एक खिटी नळकांड्यामागच्या दात्याला ढकलते आणि पुढचे घर नळीसमोर येते. दुसरी खिटी खाचेत बसून ते तिथेच धरून ठेवते. दाते आणि खिटी ही जोडी आपल्या ओळखीची आहे. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये तीच असते.

ब्राउनिंगचे बेल्जियममध्ये बनणारे १९०० सालचे पिस्तूल घ्या. त्यात फिरते नळकांडे नाही. उलट गोळीच्या नळीवर आणखी एक पोकळी असून तिच्यात स्प्रिंग आहे. ही कशासाठी? अनोळखी भाग दिसला की आम्ही तीन प्रश्न विचारतो: तो कशाला टेकला आहे? कशामुळे हलतो? तो काढला तर काय अडेल?

गोळी पुढे जाते तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार सरकता भाग मागे रेटला जातो. रिकामे काडतूस बाहेर पडते आणि स्प्रिंग दाबली जाते. मग तीच स्प्रिंग सरकत्या भागाला पुढे आणते व नवे काडतूस नळीत जाते. शिवाय काडतुसावर आघात करणाऱ्या सुईलाही तीच जोर देते.

म्हणून रिव्हॉल्व्हरची रिकामी काडतुसे त्याच्या पोटात राहतात, तर पिस्तुलाची घटनास्थळी पडतात. हत्याराची जात कळली की तपासाला दिशा मिळते. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर २० ब्राउनिंग पिस्तुले पाठवली होती. कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. जॅक्सनवधाला साहाय्य केल्याबद्दल १९११ साली सावरकरांना दुसरी जन्मठेप झाली.

वर्गात हत्यार नको. जुने गजराचे घड्याळ पुरे. झाकण काढा, भागांची नावे सांगू नका आणि ते तीन प्रश्न मुलांनाच विचारू द्या.