वतन सुटले, शर्त राहिली

जुने सातबारे आणि फेरफार चाळताना एक नोंद वारंवार भेटते: ‘वर्ग ६ ब, महार वतन’. चार शब्दांच्या या नोंदीत एका समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची बिगार दडलेली आहे.

वतन म्हटले की आपल्याला मानपान आठवतो. पाटलाच्या वतनात तो होताही. महाराच्या वतनात मात्र काम होते. रयतेला चावडीवर बोलवायचे, सरकारी टपाल परगावी पोचवायचे, शिवेच्या तंट्यात साक्ष द्यायची, आलेल्या अंमलदाराच्या तैनातीत राहायचे. कामाला वेळकाळ नव्हता. मोबदला काय, तर इनाम जमिनीचा तुकडा आणि रयतेच्या मर्जीवरचे बलुते. पिढीगणिक वाटण्या होऊन तुकडा लहान होत गेला. राबणूक तेवढीच राहिली.

या व्यवस्थेला १८७४च्या मुंबई वंशपरंपरागत वतन कायद्याचा आधार होता. १९ मार्च १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात त्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यांचे म्हणणे साधे होते: ज्यांना चाकरी नको, त्यांना पूर्ण सारा भरून जमीन ठेवू द्या, जे चाकरी करतील, त्यांना बलुत्याऐवजी रोख वेतन द्या. विधेयक चिकित्सा समितीकडे गेले. पुढच्या वर्षी ते मागे घ्यावे लागले.

अखेर १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. बाबासाहेब तेव्हा हयात नव्हते. चाकरी संपली, पण जमीन आपोआप मोकळी झाली नाही. वतनदाराने आकाराच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम भरली तरच ती त्याला पुन्हा मिळे, तीही ‘नवीन अविभाज्य शर्ती’ने. विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, वर नजराणा. रक्कम मुदतीत न भरणारा आपल्याच जमिनीवर अतिक्रमणदार ठरे.

जमीन गरिबाच्या हातून सुटू नये, हा या शर्तीचा हेतू होता, आणि तो वाईट नव्हता. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कागदापासून दूर ठेवले, त्यांच्याच गळ्यात कागदाची अट बांधली गेली. मुदत, चलन, फेरफार यांत कुठे तरी कसूर झाली, की जमिनीचा हक्क अधांतरी.

म्हणून विषम व्यवस्था मोडली की नाही, हे कायद्याच्या नावावरून ठरवू नये. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात काय उरले आहे, ते पाहावे.