दोन स्पीकर आणि दहा बाय बाराची खोली

"कितीचा रिसीव्हर घेऊ?"

मित्राचा मेसेज आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. नवी नोकरी, नाहूरला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर भाड्याची खोली आणि मामाने दिलेले दोन जुने लाकडी स्पीकर. ते वाजवायला एक पेटी हवी होती. तिच्यात रेडिओ असावा, फोन जोडता यावा आणि त्या महिन्याचं भाडं थकू नये, एवढीच अपेक्षा. रेडिओचा ट्यूनर आणि दोन स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत असला की तिला रिसीव्हर म्हणतात. त्याने तीन फोटो पाठवले होते. सर्वांत महाग पेटीवर ३० वॉट लिहिलं होतं, मधल्या पेटीवर २०० आणि सर्वांत स्वस्त पेटीवर ५०००.

हे उलटं गणित कुठून आलं, हे सांगायला मला बरंच मागे जावं लागलं. परवडणारी पेटी कोणती, हे आपल्याकडे बराच काळ घेणाऱ्याने ठरवलेलंच नाही. आधी ते सरकारने ठरवलं, मग मिस्त्रीने आणि शेवटी खोक्यावरच्या आकड्याने.

परवान्याचा सेट

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. पुढे १९३३च्या कायद्याने परवान्याशिवाय रेडिओ बाळगणं हा गुन्हा ठरला. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि पुस्तिकेत तिकीट चिकटवून घ्यायचं. म्हणजे 'सेट' विकत घेऊन खर्च संपत नसे. ही पद्धत १९८०च्या दशकापर्यंत टिकली. घरातल्या जुन्या कागदांत अशी पुस्तिका अजूनही सापडू शकते.

हे सेट बनत होते ते नाहूरपासून फार दूर नाही. ठाण्याला मर्फीचा कारखाना होता, अंधेरीला नॅशनल एकोचा. पेटी एक, स्पीकर एक. ज्याच्याकडे सेट त्याच्या दारात चाळ जमायची. आवाज एकाच जागेहून येत असल्यामुळे कोण कुठे बसलंय याने काही बिघडत नसे.

सेट निवडायची कसोटीही वेगळी होती. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. सिलोन ऐकायचं तर सेटमध्ये शॉर्ट वेव्ह हवी. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली, तरी शॉर्ट वेव्हचं महत्त्व लगेच संपलं नाही. त्या गिऱ्हाइकाला वॉटशी देणंघेणं नव्हतं. मला जे ऐकायचंय ते यात लागतं का, एवढंच तो विचारायचा. या साऱ्या इतिहासातला मला तो सर्वांत शहाणा प्रश्न वाटतो.

मिस्त्रीचा अ‍ॅम्प्लिफायर

दोन स्पीकरमधून आवाजाची रुंदी उभी करण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लमलाइन या अभियंत्याने १९३१ साली मागितलं होतं. स्टिरिओ तबकड्या मात्र १९५८च्या सुमारास बाजारात आल्या. आपल्या मध्यमवर्गीय घरांत स्टिरिओ पोहोचायला आणखी बरीच वर्षं गेली. आयातीवर निर्बंध, त्यावर जबर जकात. गंमत अशी की १९७३ साली अंधेरीत 'सीप्झ' उभं राहिलं, तेच मुळी इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवण्यासाठी, पण निर्यातीच्या. उपनगरातली माणसं रोज लोकलने जाऊन ज्या वस्तू जोडत, त्या बोटीने परदेशी जात.

मग पर्याय काय होते? आखातातून परतणाऱ्या नातेवाइकाचा टू-इन-वन. पैसे असतील तर कॉस्मिक किंवा सोनोडाइनसारखी देशी कंपनी. आणि नसतील तर लॅमिंग्टन रोड.

ग्रँट रोड स्टेशनजवळच्या या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तिथे सुटे भाग मिळत आणि त्यांतून अ‍ॅम्प्लिफायर जोडून देणारे मिस्त्रीही. आत टू-एन-३०५५ नावाचे धातूच्या टोपणाचे ट्रान्झिस्टर, एक जड ट्रान्सफॉर्मर, बाहेर पत्र्याची नाहीतर प्लायवूडची पेटी. गिऱ्हाईक पेटी उचलून बघायचं, जड लागली की समाधान. ते अगदीच खुळं नव्हतं. अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला जी ताकद देतो ती वीजपुरवठ्यातूनच येते आणि त्या काळात वीजपुरवठा म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं लोखंड आणि तांबं. मोजायचं यंत्र नसलेल्या माणसाला वजन हेच मोजमाप होतं.

या असेंबल्ड पेट्यांत दोष असत. घरघर यायची, एक बाजू दुसरीपेक्षा मोठी वाजायची. पण बिघडली की जोडणाऱ्याकडेच नेता यायची.

खरी अडचण घरात होती. स्टिरिओला दोन स्पीकर आणि ऐकणारा असा त्रिकोण लागतो. दहा बाय बाराच्या खोलीत कपाट, कॉट आणि देव्हारा यांच्यातून तो त्रिकोण बसवायचा कुठे? एक स्पीकर कपाटावर चढला, दुसरा खिडकीत गेला. कुठे दोन्ही एकावर एक रचले गेले. पैसे दोन बाजूंचे मोजले आणि ऐकलं चाळीतल्या सेटसारखंच.

खोक्यावरचा आकडा

१९९१नंतर बाजार खुला झाला आणि वस्तूंची टंचाई संपली. तुलना कशी करायची हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं. ती जागा 'पीएमपीओ' या चार अक्षरांनी घेतली. पीक म्युझिक पॉवर आउटपुट, म्हणजे एखाद्या क्षणी निघू शकेल असं सांगितलेली कमाल ताकद. ती कशी मोजायची याचं सर्वमान्य मानकच नाही. त्यामुळे दहा वॉटच्या पेटीवर हजार लिहिता येतं. अमेरिकेत अशाच फुगवट्याला आवर घालायला १९७४ साली सरकारने अ‍ॅम्प्लिफायरची ताकद सांगण्याचे नियम केले. जाहिरातीत सलग देता येणारी ताकद सांगायची, आणि किती ओहमला व किती विकृती धरून तेही. खोक्यावर 'आरएमएस' दिसतं ते याच जातीचं मोजमाप.

मित्राला मी विचारलं, "पाच हजार वॉटवाल्याच्या अडॅप्टरवर काय लिहिलंय?" त्याने फोटो मोठा करून पाहिलं. १२ व्होल्ट, २ अँपिअर. बारा दुणे चोवीस. भिंतीतून पेटीत २४ वॉट येतात, तर सलग २४पेक्षा जास्त बाहेर जाणार कुठून? प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतात. मिस्त्रीच्या गिऱ्हाइकाने पेटी उचलून जे ताडलं असतं, ते आज अडॅप्टर वाचून कळतं. आजच्या 'क्लास डी' पेट्या हलक्या असूनही चांगल्या असतात, म्हणून वजनाचा नियम आता चालत नाही. गुणाकार चालतो.

आणि लागतात तरी किती वॉट? साधारण घरगुती स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर, ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. आपलं बोलणं साठच्या घरात असतं. म्हणजे नाहूरच्या त्या खोलीत एका वॉटलाच शेजारी दार वाजवतील. तबल्याच्या थापेसारख्या क्षणांसाठी त्याच्या दहा-वीसपट ताकद राखीव धरली तरी खरे वीस-तीस वॉट पुष्कळ झाले. तीसचे साठ केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळेल इतके.

पुन्हा तोच शहाणा प्रश्न

१९९३ साली मुंबईत आकाशवाणीच्या एफएमवर खासगी कार्यक्रम सुरू झाले, २००२मध्ये खासगी केंद्रं आली. पुढे भांडुप आणि मुलुंडच्या मधे नाहूर स्टेशन उघडलं. एलबीएस मार्गावर कारखान्यांच्या जागी टॉवर येत होते. एफएमला त्यांचा त्रास होतो, कारण सिग्नल काँक्रीटवर आपटून अनेक वाटांनी येतो. स्टिरिओ एफएमला मोनोपेक्षा जोरकस सिग्नल लागतो, म्हणून आधी स्टिरिओ खरखरतं. रिसीव्हरच्या मागे अँटेनाची जागा आहे का, हे वॉटच्या आधी पाहायला हवं ते यासाठी. दीड मीटरची साधी द्विध्रुव तार खिडकीपाशी लावली तरी फरक पडतो.

मित्राने शेवटी लॅमिंग्टन रोडवरून एक जुना रिसीव्हर घेतला, दर बाजूला ३० वॉट, ८ ओहमला. आवाजाचं बटण फिरवताना करकर यायची. दुकानदाराने ते समोरच साफ करून दिलं. दादरला गाडी बदलून, स्लो लोकलमध्ये तो पेटी मांडीवर घेऊन नाहूरला आला. स्पीकर टेबलावर नीट अंतर सोडून ठेवले, समोर खुर्ची.

पुढच्या रविवारी त्याची आई गावाहून आली. ती खुर्चीवर बसलीच नाही, ओट्यापाशी भाजी निवडत राहिली. एफएम थोडं खरखरत होतं, म्हणून त्याने मोनोचं बटण दाबलं. खरखर गेली आणि ओट्यापाशी गाणं पूर्ण ऐकू येऊ लागलं.

"हे आधीच का नाही दाबलंस?" आईने विचारलं.