पहाटे चारपर्यंत

लातूर, ऑक्टोबर. खालचा हमाल म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. पण जिवावर बेतणारा दमा अशाही वेळापत्रकानं येतो.

सकाळी १०. सौदा निघाला. चाळणीवर सोयाबीन ओततायत, पिवळट धूळ उडतेय. नांदेडच्या मोंढ्यातही हेच. खोड दाण्यात नाही, सालीत आहे. बार्सिलोनात १९८१ ते १९८७ मध्ये तब्बल २६ वेळा दम्याची साथ उसळली, तीही बंदरात सोयाबीन उतरायचं त्या दिवशी. कोठाराला धूळ अडवणारे फिल्टर बसवले, तेव्हा ती थांबली. आपल्या हमालाकडे गमछा आहे.

१०.१५. सालीतलं प्रथिन श्वासनळीत पोचलं. तिथल्या मास्ट पेशींवर आयजीई प्रतिपिंडं आधीपासूनच बसलेली. हिस्टामिन सुटलं, नळीभोवतीचा स्नायू आवळला, छाती वाजू लागली. निळ्या पंपाचे दोन फवारे.

११.३०. मोकळं वाटलं. चहा घेतला, पुन्हा कट्टा पाठीवर. माझ्या मते घात होतो तो इथंच. स्नायू सैल झाला, सुजेला पंपानं हातही लावलेला नाही.

दुपारी ४. रक्तातून इओसिनोफिल पेशी नळीच्या भिंतीत शिरतायत. अस्तर फुगतंय, कफ चिकट होतोय. त्याला अजून पत्ता नाही.

संध्याकाळी ७. घरी चुलीत तुराट्या. बायकोलाही दमा आहे, पण तिची ॲलर्जीची चाचणी कोरी आली, म्हणून सासू म्हणते, "हिला कशाचा दमा? नाटकं नुसती." नाटक नाही ते. धुरानं, सर्दीच्या विषाणूनं अस्तराच्याच पेशी दुखावतात आणि त्याच हाकाटी करतात. आयजीईची गरजच पडत नाही. मग न्यूट्रोफिल पेशी येतात, कधी इओसिनोफिलही. सूज तिलाही येते. आज तोच धूर त्याच्या सुजलेल्या नळीतही जातोय.

रात्री ११. खोकला. आडवं होता येईना. निळा पंप, पुन्हा निळा पंप. सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप फळीवर पडून आहे. "सवय लागते" म्हणून दिवाळीच्या आधीच बंद केलेला. नुसत्या निळ्या पंपावर राहू नका, असं दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं २०१९ पासून बजावतायत.

२.३०. पहाटेकडे धडधाकट माणसाच्याही श्वासनळ्या थोड्या अरुंद होतात. याच्याकडे तेवढीही जागा उरलेली नाही. "पाणी... दे..." एका दमात दोन शब्दही निघत नाहीत.

३.३०. छाती वाजायची थांबली. घरच्यांना वाटलं, उतार पडला. पण शीळ वाजायलाही आतून हवा जावी लागते. ओठ निळसर दिसले, तेव्हा कुणीतरी १०८ लावला.

४.००. बारीक नळ्या कफाच्या गुठळ्यांनी बुजल्यात. गाडीत ऑक्सिजन लागेल, नेब्युलायझर लागेल, शिरेतून स्टेरॉइडही जाईल. त्या स्टेरॉइडचा गुण यायला काही तास लागतात.