पोल्का

बोहीमियातील (सध्याच्या चेक प्रजासत्ताकाचा भाग) जलद लयीचे युग्मनृत्य. १८३० नंतरच्या दशकात उदयास आलेले हे नृत्य प्रागमध्ये रुजले आणि १८४४ च्या सुमारास पॅरिस व लंडन येथे अत्यंत लोकप्रिय झाले.

पोल्काचे संगीत २/४ तालात असते. जोडीदार एकमेकांना धरून समोरासमोर उभे राहतात. मूळ पदन्यासात एक हलकी उडी व तीन झटपट पावले असतात : उडीनंतर एक पाऊल पुढे, दुसरे त्याला जुळते, पहिले पुन्हा पुढे. नंतर हाच क्रम दुसऱ्या पायाने होतो. जोडी गिरक्या घेत घड्याळाच्या उलट दिशेने नृत्यगृहाला फेरी घालते.

धाकटा योहान श्ट्राउस व बेद्रिख स्मेताना यांनी पोल्कारचना केल्या. स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेलेले हे नृत्य विस्कॉन्सिनचे राज्यनृत्य आहे. (पहा : लोकनृत्य, वॉल्ट्झ).