जिरवलेलं पाणी

१९७२च्या दुष्काळात आई पाझर तलावाच्या मातीकामाला जायची. तेव्हा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पुढे तलाव गाळानं भरला, शिवारात बोअर वाढले आणि आमच्या शिंदखेड्याकडच्या विहिरी होळीलाच तळ दाखवू लागल्या.

२००४पासून तापीपलीकडे शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून त्यांवर बंधारे घातले. तिथलं पाणी पाहून आम्हालाही हुरूप आला. पावसाळ्यात नाल्याचं गढूळ पाणी चारीनं थेट विहिरीत सोडलं. विहीर काठोकाठ भरली. आम्ही नारळ फोडला! पण दिवाळीनंतर पाहतो तो गाळ बसून झरे बुजलेले. काका वाकून म्हणाले, "पानी कथा गयं रे भो?"

पुढच्या वर्षी विहिरीशेजारी खड्डा खणला. तळाशी मोठे गोटे, त्यावर खडी, वर वाळू. त्यातून गाळलेलं पाणी पाइपानं आत गेलं आणि झरे टिकले.

तरी फाल्गुनात पाणी आटलंच. आमच्या काळ्या पाषाणात पाणी मावतं ते भेगांत आणि वरच्या मुरमात, कणगी तेवढीच. आम्ही भरलेली कणगी शेजारचा बोअर उपसत होता. बांधावर भांडण झालं. शेजारी म्हणाला, "अन् तुमचा बोअर कोणाचं पितो?"

मी गप्प बसलो. पाणी जिरवायला आम्ही शिकलो होतो; किती काढायचं, ते कुणीच ठरवलं नव्हतं.