खेळातले मरण

गेल्या दिवाळीतली गोष्ट. लक्ष्मीपूजन आटोपले होते, अंगणात पणत्या तेवत होत्या, आणि आमचा नातू मात्र आतल्या खोलीत दिवा मालवून बसला होता. सतरा वर्षांचा मुलगा सणाच्या दिवशी अंधारात करतो काय, म्हणून डोकावलो, तो समोर संगणकाच्या पडद्यावर त्याहून गडद अंधार! काळ्या-करड्या रानातून एक चिमुकला मुलगा चालला होता. चेहरा नाही, नाव नाही; नुसते दोन पांढरे डोळे. मी पाहत असतानाच गवतात दडलेल्या लोखंडी सापळ्यावर त्याचा पाय पडला आणि मुंडके उडाले.

“अरे, लक्ष्मीच्या दिवशी हे कसले अभद्र खेळतोस?” मी म्हणालो.

“तो मेला म्हणून तर सापळा कुठे आहे ते कळलं, आजोबा,” तो शांतपणे उत्तरला. पडद्यावरचा मुलगा पुन्हा चालू लागला होता.

माझ्या तोंडाला कुलूप बसले. पण उत्तर मनातून जाईना. खेळातले मरण ही काय चीज आहे, ते केव्हा आले आणि कशासाठी, हे पाहावे असे वाटले. जुन्याची आवड असलेल्या माणसाची खोड, दुसरे काय! मग जे हाती लागले ते असे.

खेळात पडणे तसे जुनेच. आपली सापशिडी पूर्वी मोक्षपट होती. परंपरा तिचे जनकत्व ज्ञानदेवांना देते. कवड्या टाकाव्यात, पुण्याच्या शिडीने चढावे, पापाच्या सापाने गिळले की घसरावे. त्या घसरण्याला अर्थ होता: काय करू नये हे मुलांना हसत-खेळत कळे. योगायोग असा, की या पटावर मोठा प्रबंध झाला तो २०१९ साली डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या विद्यापीठात. आणि नातवाचा तो काळा खेळही कोपनहेगनचाच.

यंत्रावरचे खेळ आले तेव्हा मात्र मरणाला बाजारभाव आला. १९७८ साली जपानात तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. नाणे टाकावे, ठरावीक जीव मिळावेत, ते संपले की पुन्हा नाणे. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये मिशाळ सुतार शिड्या चढू आणि पिंपांवरून उड्या मारू लागला; अशा उड्यांच्या खेळांचा वंश पुढे ‘प्लॅटफॉर्म गेम’ या नावाने वाढला. तिथेही हिशेब तोच. खेळणारा लवकर मरावा यातच दुकानदाराची बरकत! मुंबईतल्या व्हिडिओ पार्लरच्या दाराशी खिसे चाचपीत उभी राहिलेली पोरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे अर्थशास्त्र वेगळे सांगायला नको.

पुढे खेळ घरात आले, नाणे गेले; पण मोजके जीव देण्याची रीत राहिली. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये ती दिसते. १९८९ साली अमेरिकेतील जॉर्डन मेकनर यांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ केला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्यांनी त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक हालचाल रेखाटली. त्यामुळे तो राजपुत्र खऱ्या माणसासारखा धडपडे, आणि खिळ्यांवर पडला की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येई. इथे मरणाची किंमत वेळेत द्यायची होती: कितीही वेळा मरा, पण साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोहोचा. दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, एरिक शाई या फ्रेंच माणसाने ‘अनदर वर्ल्ड’ बहुतांशी एकट्याने रचला. त्यात पडद्यावर ना गुण, ना जीवांचा आकडा. अनोळखी जगात माणूस येऊन पडतो आणि चुकतमाकत वाट शोधतो.

याच कुळातला आमच्या नातवाचा ‘लिंबो’. त्याचा कर्ता आर्न्ट येन्सन. हा चित्रकार एका मोठ्या खेळ-कंपनीत होता. तिथल्या वाढत्या कारखानदारीला कंटाळून २००४ च्या सुमारास तो एका गूढ जागेची चित्रे काढू लागला. लहानपणी शेतावर राहत असताना भोवती जे रान होते, ते त्यात उतरले. त्याला स्वतःला कोळ्यांची भीती, म्हणून त्या रानात अजस्र कोळी आला. एकट्याने आज्ञावली लिहिणे जमेना, तेव्हा २००६ साली त्याने नमुन्याची छोटी चित्रफीत लोकांपुढे ठेवली. डिनो पाटी हा सोबती मिळाला आणि दोघांनी ‘प्लेडेड’ ही संस्था काढली. तयार केलेला सुमारे ७० टक्के मजकूर त्यांनी टाकून दिला, असे पाटी यांनी सांगितले आहे. २१ जुलै २०१० रोजी खेळ प्रसिद्ध झाला. तीन-चार तासांत संपणारा म्हणून काहींनी नाके मुरडली. पण त्याची कीर्ती जगभर झाली.

टाकून दिले म्हणजे काय काय? रंग टाकले. शब्द टाकले, खेळ कसा खेळावा एवढेही कोणी सांगत नाही. गुण टाकले, जीवांची मोजणी टाकली. संगीतही जवळजवळ टाकले. मार्टिन स्टिग अँडरसन या ध्वनिकाराने पाऊस, वारा, यंत्रांची घरघर यांतूनच सगळे उभे केले. इथे घाबरा, इथे रडा, असे सांगणारी सुरावट त्याला नको होती. उरले एवढेच: एक मूल, एक वाट आणि मरण.

हे मरण फुकट आहे. सापळ्यात सापडा, बुडा, कोळ्याच्या पायाने विंधले जा. क्षणात दोन पावले मागे तुम्ही पुन्हा उभे. पण ते दिसते भयंकर, म्हणून विसरत नाही. ज्या सापळ्याने मुंडके उडवले तोच ओढत नेऊन कोळ्याच्या पायाखाली ठेवायचा असतो. म्हणजे मारणारी वस्तूच पुढे तारते. मात्र ती आधी ओळखावी लागते. रचनाकारांनी कोडी घातली ती अशी, की सांगणारे कोणी नसले तरी चुकीतून उत्तर निघावे. पार्लरमध्ये मरण दुकानदाराच्या कामाचे होते. इथे ते खेळणाऱ्याच्या कामाचे झाले. मोक्षपटावरचा साप, म्हणायचे तर, फिरून घरी आला.

आता नावाविषयी. लॅटिन ‘लिंबुस’ म्हणजे काठ. बाप्तिस्मा न होता गेलेली तान्ही मुले कुठे जातात, या प्रश्नावर मध्ययुगीन ख्रिस्ती पंडितांनी कल्पिलेली ही कडेची जागा. तिथे नरकाच्या यातना नाहीत, तसे स्वर्गाचे दर्शनही नाही. आपल्या त्रिशंकूची अवस्था म्हणा. पण त्रिशंकू निदान हट्टाने गेला होता, या लेकरांचा काय अपराध? २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने, अशा बालकांच्या उद्धाराची आशा धरायला आधार आहे, असे म्हटले. इतक्या शतकांनी का होईना, ऐकून बरे वाटले.

आणि त्या काठावरच्या अंधारात तो मुलगा शिरला कशासाठी? बहिणीला शोधायला! तिचे काय झाले हे त्याला ठाऊक नाही.

हे मला भाऊबीजेच्या सकाळी कळले. “आजोबा, शेवट आला, या,” म्हणून नातवाने हाक मारली. पडद्यावर तो मुलगा काच फोडून पलीकडे रानात पडला, उठला, सावकाश चालत गेला. झाडाखाली एक मुलगी पाठमोरी बसली होती. तो जवळ येताच ती दचकून ताठ झाली, आणि पडदा काळा झाला. भेट झाली की नाही, ती दोघे जिवंत की मृत, कर्त्यांनी सांगितलेले नाही.

माझी धाकटी बहीण सातव्या वर्षी तापाने गेली. त्याला साठावर वर्षे झाली. त्या वर्षीच्या भाऊबीजेला आईने पाट मांडलाच नाही, आणि मीही काही विचारले नाही. मुलांसमोर मरणाचे नाव काढायचे नाही, अशी घरची शिस्त. पुढे कितीतरी दिवस मी तिला परसात, माळ्यावर, विहिरीमागे शोधीत असे. लपंडावात शोधावे तसे. हे मी कोणाला सांगितले नव्हते.

भाऊबीज म्हणजे यमद्वितीया. या दिवशी प्रत्यक्ष यम बहिणीच्या घरी जेवायला जातो, अशी कथा आहे. सणातल्या सणात मरणाला पाट मांडून बसवणारी आपली माणसे, आणि मी नातवाला अभद्र म्हणून दटावले!

“आता तिकडे ताई ओवाळायला थांबलीय,” मी म्हणालो. तो उठला, खोलीतला दिवा लावला आणि जाता जाता म्हणाला, “तुम्ही खेळून बघता का एकदा?”

त्या दुपारी मी बसलो. पहिल्याच सापळ्यात सापडलो, मग पाण्यात बुडालो. माझी बोटे आता पूर्वीसारखी चालत नाहीत. पण शेवटपर्यंत जायचे ठरवले आहे. या दिवाळीत अजून अर्धे रान बाकी आहे.